शालूअक्काचं चित्र साफ करण्याविषयी

कसबा बावडा,
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

श्रीमान उदयसिंहराव यांना बावड्याहून गणपतरावांचा रामराम. वहिनींना माझा नमस्कार सांगा, लहानांना आशीर्वाद वाटून द्या, कमी पडले तर कळवा. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडं बघता? म्हैस व्याली असेल तर काय झालं ते लिहा, आणि रेडा झाला असला तरी लिहा, वाईट वाटून घेऊ नका. वहिनींची साखर खाली आली का? मी जन्मभर साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसलो, पण साखर वाढवायची कशी एवढंच तिथं शिकलो, कमी करायचं कुणी सांगितलं नाही. माझं म्हणाल तर बरं आहे. जेवतो, बसतो, झोपतो. तिन्ही एकाच खोलीत करतो, एवढाच काय तो बदल.

तुम्ही म्हणाल, फोन खिशात असताना दाजींना पत्राचं खूळ कुठून लागलं. तर फोनवर तुम्ही सगळ्याला "व्हय व्हय" म्हणता आणि फोन ठेवल्यावर वहिनींना विचारता की दाजी काय म्हणत होते. (हे मला वहिनींनीच सांगितलं. त्यांच्यावर डाफरू नका, त्यांनी काळजीनं सांगितलं.) शिवाय ही हकीकत बोलून सांगायला गेलं की माझा घसा मध्येच बसतो. कागदावर त्याची सोय बरी, बसला तरी कुणाला कळत नाही.

विषय टीव्हीचा आहे. वर्षश्राद्धाला आलात तेव्हा तुम्ही तो बघितला असेल, पुढच्या खोलीत भिंतभर लावलाय तो. तुमची अक्का गेल्यावर आमचा सम्राट पुण्याहून घेऊन आला. आबा एकटे पडले, त्यांना सोबत पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. पोरगं प्रेमाचं आहे, पण कंपनीत नोकरीला लागल्यापासून त्याला प्रत्येक दुःखावर काहीतरी मागवता येतं असं वाटायला लागलंय. आपला जुना टीव्ही, तो पाठीमागं पोट सुटलेला डबा, त्यानं त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला. बदल्यात एक प्लास्टिकची बादली आली. बादली चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहिले कित्येक महिने मी तो टीव्ही फक्त पुसला. मग वर्षश्राद्ध झालं, तुम्ही सगळे आपापल्या गावी गेलात, आणि एका सकाळी सदऱ्याची गुंडी तुटली म्हणून सुईदोरा शोधायला मी हिचं कपाट उघडलं. सुई सापडली नाही. (या घरात सुई कुठं असते हे माहीत असणारं माणूस एकच होतं.) साड्यांच्या खाली आमच्या पूर्णिमाच्या लग्नाची सीडी सापडली.

तुम्हाला ती सीडी आठवत असेल. व्हिडिओवाल्यानं नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढलंय, कमळात बुडवलंय, आणि मध्येच दोघांना एका बर्फाच्या डोंगरावर नेऊन सोडलंय, कागलचे जावई तिथं अंगात सुटाचा कोट असूनही कुडकुडल्यासारखे दिसतात. बाकी सगळी सीडी पंगतीची. जेवणाऱ्याचा घास तोंडात जाऊन खाली उतरेपर्यंत त्यानं कॅमेरा हलवलेला नाही. आणि सगळ्यावर सिनेमातली गाणी लावलीत, त्यामुळं एकाही माणसाचा आवाज त्यात नाही.

पण त्या पंगतीत एक जागा आहे. तुम्ही जिलेबीची पाटी घेऊन येताना घसरलात, ती. (कॅमेऱ्यात तुम्ही नाही, तुमचा फक्त एक पाय वर आलेला दिसतो, तोही चपलेशिवाय.) त्या आवाजानं ही मागं वळते, एक डोळा बारीक करते, मान खाली घालते आणि मग हसते. उदयसिंहराव, तुमची अक्का जन्मभर कॅमेरा दिसला की पदर तोंडाला लावून उभी राहिली. वरचा एक दात जरा पुढं होता, त्याची तिला लाज. मी लग्न झाल्यापासून सांगत आलो की तसं काही दिसत नाही, आणि ती म्हणायची, तुम्ही कशाला बघताय मग तिकडं. भिंतीवर हार घातलेला फोटो आहे तो आधार कार्डावरनं मोठा केलाय, आणि त्या कार्डावरचा माणूस त्याच्या सख्ख्या आईलाही ओळखू येत नाही. पण त्या पंगतीत हिच्या एका हातात आमटीची बादली होती आणि दुसऱ्यात डाव, तोंड झाकायला हातच शिल्लक नव्हता. म्हणून ती तशीच हसली. मोकळी. आमच्या सबंध संसारातलं तेवढं एकच हसू कॅमेऱ्याला सापडलं, आणि ते तुमच्या पायामुळं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते इथं मानतो.

तर मी माळ्यावरनं सीडीचं मशीन काढलं, तिन्ही रंगांच्या वायरी खोचल्या आणि लावली. काय सांगू! जुन्या डब्यावर जे हसू नीट दिसायचं त्याचा या भिंतभर पडद्यावर पार चिवडा झाला. हिच्या तोंडाच्या चौकटी चौकटी झाल्या, न्हाणीत फरशी बसवतात तशा. एका फरशीत डोळा, एका फरशीत अर्धं नाक. वर आणखी चित्र आडवं ताणलेलं, त्यामुळं लग्नाला आलेला माणूस न् माणूस फुगलेला. तेव्हा काडीसारखी असलेली आमची पूर्णिमा पिंपासारखी दिसत होती. (हे मी तिला फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं.) जवळ गेलो तर हीच दिसेना, नुसते रंग. लांब गेलो तर दिसल्यासारखी वाटायची, आणखी लांब गेलो तर मी अंगणात.

मग मी शेजारच्या अण्णासोंना बोलावलं. तुम्ही त्यांना ओळखता, वर्षश्राद्धाला तुमच्याशी कांद्याच्या भावावर वाद घालत होते ते, आणि स्वतः जैन म्हणून कांदा खात नाहीत. अण्णासोंना यंत्रातलं कळतं असं आमच्या गल्लीत मानतात, कारण ते यंत्राला घाबरत नाहीत. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि देवाचं नाव घेऊन आत शिरले. पहिल्यांदा सगळं लग्न हिरवं झालं, भटजींसकट. मग निळं झालं, चांदण्यात लावल्यासारखं. मग त्यांना खेळाच्या सामन्यांसाठीची काहीतरी सोय सापडली, त्यात हिचा चेहरा आणखीच फाटला पण तुमचा पाय फार स्पष्ट आला. शेवटी त्यांच्या हातून टीव्हीची भाषाच बदलली आणि सगळी अक्षरं कानडी झाली. अण्णासो कानडी फर्डं बोलतात, त्यांचं आजोळ सीमेपलीकडचं, पण वाचता अक्षर येत नाही. मग आम्ही दोघं चहा प्यायलो.

चहा पिताना अण्णासोंनी निदान केलं की दोष गच्चीवरच्या डिशच्या छत्रीचा आहे. सीडीचा आणि छत्रीचा संबंध नाही हे मलाही कळत होतं, पण उदयसिंहराव, माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. मी शिडी लावून गच्चीवर चढलो, अण्णासो खाली उभे राहून मला दिशा सांगू लागले. जरा कागलकडं फिरवा, आता थोडी पन्हाळ्याकडं, असं. छत्री मी घासूनपुसून लख्ख केली. उतरायला बघतो तर शिडी नाही. पलीकडं रंगकाम चाललंय, तिथल्या माणसानं ती आपलीच समजून नेली होती आणि अण्णासो हात धुवायला घरात गेले होते.

तसा मी गच्चीवर एकटाच बसलो. ही आजारी पडल्यापासून मी वर गेलोच नव्हतो. कठड्यालगत तिचे दगड तसेच मांडून ठेवलेले होते. कुरडया-सांडगे वाळत घालताना प्लास्टिकचा कागद उडू नये म्हणून ठेवायची, ते. नदीकाठचे, गोल, हाताला बरोबर बसणारे. दरवर्षी उन्हाळ्यात ती ते धुऊन घ्यायची आणि मी म्हणायचो, दगड कशाला धुतेस. मी एक उचलून बघितला, उन्हानं तापला होता. तो हातात धरून मी किती वेळ बसलो ते माहीत नाही. खालून अण्णासो हाका मारत होते आणि गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, म्हातारं शिडी न्हाई म्हणून रडतंय. मी म्हटलं, बरं झालं, तसंच समजा.

त्यानंतर टीव्हीच्या कंपनीचा माणूस बोलावला. चांगला दणकट गडी, पाठीवर पिशवी. त्यानं पहिल्यांदा टीव्हीची भाषा मराठी करून दिली, सगळ्यांची जाडी कमी केली, आणि मग सीडी लावून बघितली. हसण्याची जागा मी त्याला पुन्हा पुन्हा दाखवली. तो वाकून बघत होता. मग सरळ झाला आणि म्हणाला, "टीव्हीत काय बी खराबी न्हाय काका. बाईच पुसट हायत."

त्याचं चुकलं नव्हतं, पण मला समोरचा पेला उचलून ठेवावा लागला, हात कुठं ठेवायचा कळेना म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं, आणि पिशवीतनं मऊ फडकं काढून तो टीव्हीचा पडदा सावकाश पुसत बसला. पडदा स्वच्छच होता. जाताना नुसतं "येतो काका" म्हणाला.

इथंच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण अण्णासोंचा पुतण्या सम्मेद याचा फोटोचा स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याच्या कॉम्प्युटरात म्हणे नवीन अक्कल आलीय. पुसट माणूस घातला की ती स्वतःच्या मनानं त्याला साफ करून देते, जे दिसत नाही ते ओळखून भरते. अण्णासो सीडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सम्मेदला सोबत घेऊन आले. सम्मेदनं एवढीशी नखाएवढी वस्तू टीव्हीला मागून खोचली आणि म्हणाला, काका, बसून घ्या.

मी बसलो. पडद्यावर आमटीची बादली आली, अशी लख्ख की आत बघितलं तर तर्री दिसावी. डाव आला. मग ती वळली आणि हसली.

उदयसिंहराव, बाई फार देखणी होती. गोरी. कपाळावर एक सुरकुती नाही, गाल गुळगुळीत. हनुवटीवरचं गोंदण नव्हतं. भुवईजवळची खूण, तुम्ही लहानपणी विटी मारली होती त्याची, तीही नव्हती. आणि दात सगळे एका ओळीत, मोती लावल्यासारखे. पुढं कुणीच आलेला नव्हता. कुठल्यातरी चांगल्या घरची, शिकलेली, मंजन विकणारी बाई आमच्या पंगतीत आमटी वाढत होती आणि तुमचा पाय बघून हसत होती.

अण्णासोंनी टाळ्या वाजवल्या. सम्मेद माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. त्यानं मनापासून केलं होतं, आणि माझ्याकडनं काही घ्यायलाही तयार नव्हता. मी म्हटलं, छान झालंय. मग त्यानं तो तुकडा सम्राटला आणि पूर्णिमाला फोनवर पाठवला. सम्राटनं लगेच स्वतःच्या फोनवर त्यातलाच आईचा फोटो लावला आणि मला कळवलं की आबा, बघितलंत का, नवीन टीव्हीवर काय क्वालिटी येते ती. त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी विचारलं म्हणे, तुझी आई एवढी सुंदर होती? आणि पोरगं हो म्हणालं.

रविवारी पूर्णिमा कागलहून आली. मला वाटलं, मुलगी आहे, हिला तरी कळेल. मी लावून दाखवलं. ती टीव्हीसमोर जमिनीवर बसली, पुन्हा लावा म्हणाली, पुन्हा लावलं. डोळे पुसत म्हणाली की हाच फोटो मोठा करून घेऊया आणि भिंतीवरचा तो आधार कार्डाचा काढून टाकूया. तेव्हा माझा आवाज जरा चढला. मी विचारलं, यात तुझ्या आईचा दात कुठं हाय?

ती माझ्याकडं वळली. लहानपणापासून ती चिडली की हळू बोलते, आईसारखी.

"आबा, तिला तो दात कधीच आवडला न्हाई. जन्मभर पदर धरून हसली ती. आता तरी मोकळं हसू दे की तिला."

मी तो दात रोज बघितला, मला तो आवडायचा, हे मी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं, नुसतं दिसत नाही म्हणत राहिलो. पोरीचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि जिचा दात तिला विचारायची सोय नव्हती. पूर्णिमानं मग आमटी केली. आम्ही दोघं जेवलो आणि जाताना तिनं माझ्या सदऱ्याची गुंडी लावून दिली. (सुई तिच्या पर्समध्ये होती.) दारात थांबून म्हणाली की तुम्हाला नको असेल तर नको लावूया भिंतीवर. मी म्हटलं, लाव बाई. तिच्या आईचा फोटो, मी कोण अडवणारा.

आता खरी अडचण लिहितो, कारण ती मी अण्णासोंनाही सांगितलेली नाही. इतके दिवस चित्र कसंही असलं तरी डोळे मिटले की ही मला नीट दिसायची. चुलीपुढची, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारी, माझ्यावर करवादणारी. आता डोळे मिटले की ती दुसरी येते. गोरी, गुळगुळीत, दातांची सरळ ओळ आखलेली. मी तिला बाजूला सारून आपली हुडकायला जातो तर त्याच फरश्या, इथं डोळा, तिथं अर्धं नाक. मी काट्यावरचा माणूस. जन्मभर वजनात फरक पडू दिला नाही, आणि घरच्या माणसाचं तोंड माझ्या हातून हरवलं. चित्र सुधारायला गेलो नसतो तर ते निदान पुसट का होईना, तिचंच राहिलं असतं.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. टीव्हीवर आता मी बातम्या लावतो आणि आवाज बंद ठेवतो, म्हणजे देशात काय चाललंय ते कळतं आणि त्रास होत नाही. अण्णासो रोज येतात. वहिनींना सांगा, त्यांनी पाठवलेला भडंग संपला, डबा धुऊन ठेवलाय. गुडघ्याला जपा. या कागदाला उत्तर नाही दिलंत तरी चालेल, पण मिळाला एवढं वहिनींकरवी कळवा.

तुमचा,
गणपतराव (दाजी)

ता. क. पत्र लिहायचं कारण राहिलंच. तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा टीव्ही पडलाय असं वर्षश्राद्धाला तुम्ही म्हणत होता, वर पेंडीची पोती ठेवलीत तो. सम्मेद म्हणतो की जुनी सीडी जुन्या डब्यावरच नीट दिसते, आणि त्याच्या ओळखीत आता तसा डबा कुणाकडं नाही. तो चालत असेल तर दुधाच्या टेम्पोतनं बावड्याला पाठवून द्या. चालत नसला तरी पाठवा, अण्णासो बघतील. सम्राटला यातलं बोलू नका, पोराला वाईट वाटेल.

ता. क. दुसरा. पत्र चिकटवायच्या आधी पुन्हा वाचलं. टीव्ही राहू द्या, उगीच पोती उतरवायला लावू नका, तुमचा गुडघा आहे. त्याऐवजी तुम्हीच चार दिवस राहायला या. वर्षश्राद्धाला तुम्ही वहिनींच्या कशावरतरी हसलात, आधी एक डोळा बारीक केलात, मान खाली घातलीत आणि मग हसलात. माझ्या हातातला डाव पडला होता तो त्याच्यामुळं, मला चक्कर वगैरे आली नव्हती. माझी तब्येत बरी आहे, हे वहिनींना सांगा, त्या काळजीत आहेत. तुम्ही आलात म्हणजे काही करायचं नाही. माझ्यासमोर बसायचं. मिशी जरा आड येते, पण ती तुमच्या घराण्याची आहे, तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही. हसू लगेच आलं नाही तरी ताण घेऊ नका. मी वाट बघत बसेन, समोर बसून वाट बघायची मला आता सवय झालीय.